हेंपचा एक हंगाम: पेरणीपासून वाख हातात येईपर्यंत

१० एप्रिल

हेंप लावायचं लायसन हातात आलं. प्लॉटचा नकाशा आणि जातींची नावं त्यात जशी लिहिलीत तशीच ठेवायची, म्हणजे आता मनात आलं म्हणून बदल करता येणार नाही. एकूण ५०० चौरस मीटर. त्यातले ३०० वाखासाठी, म्हणजे खोडाच्या सालीतल्या धाग्यासाठी, तिथे कोम्पोल्ती, ही हंगेरियन जात, नर झाडं वेगळी मादी वेगळी, उंच जाते आणि उशिरा फुलते. उरलेले २०० बियांसाठी, तिथे फेलिना ३२, ही फ्रेंच, हिच्यात एकाच झाडावर दोन्ही फुलं येतात आणि बी लवकर तयार होतं.

झाड तेच, कॅनाबिस सटायव्हा, गांजा ज्याचा होतो तेच, फक्त या जातींमध्ये नशेचा घटक टीएचसी नावापुरता असतो. बऱ्याच देशांत हेंपसाठी ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. हा आकडा १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी वनस्पतींचं वर्गीकरण करताना एक रेघ कुठेतरी मारायची म्हणून मारला होता, पुढे तोच कायद्यात जाऊन बसला. यात वाद घालण्यासारखं बरंच आहे पण आपल्याला शेतात ती रेघ पाळायचीच आहे, म्हणून प्रमाणित बियाणंच घेतलं आणि पिशव्यांची लेबलं फाईलला लावली.

१५ एप्रिल

जमीन. या पिकाचं सगळं इथे ठरतं असं माझं ठाम मत आहे, खत आणि पाणी नंतर. हेंपला पाणी लागतं पण साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, रोप लहान असताना दोन दिवस पाय पाण्यात राहिले तर पिवळं पडून बसतं आणि मग हंगामभर मागेच राहतं. सोटमूळ खाली जायला मोकळी जमीन हवी. म्हणून खोल नांगरट आधीच झालेली, आज वरची ढेकळं फोडून बारीक केलं, कडेने चर काढला. सामू (पीएच) ६.८ आला, ६ ते ७.५ मध्ये चालतं त्यामुळे चुना वगैरे काही नाही.

प्लॉटमधून एक जुनी चालण्याची वाट जात होती, तो पट्टा मुद्दाम खोल नांगरला नाही, फक्त वरून भुसभुशीत केला. घट्ट जमिनीत मुळांचं काय होतं ते डोळ्यांनी बघायचंय.

चांगलं कुजलेलं शेणखत पसरलं. वाखाच्या भागाला नत्र हेक्टरी १२० किलोच्या हिशोबाने, त्यातलं निम्मं आत्ता निम्मं गुडघाभर झाल्यावर. जास्त नत्र दिलं की झाड भसाभस वाढतं पण खोड मऊ राहतं, साल पातळ पडते आणि वाऱ्यात लोळतं, म्हणून हात आखडता.

२८ एप्रिल

पेरणी. गेले काही दिवस सकाळी जमिनीत थर्मामीटर खुपसून बघत होतो, १० डिग्रीच्या वर टिकायला लागलं आणि पावसानंतर वाफसाही आला, मग थांबलो नाही. थंड ओल्या जमिनीत बी टाकलं की ते नुसतं पडून राहतं आणि बुरशी लागते.

वाखाकडे हेक्टरी ६० किलो म्हणजे आपल्याला १.८ किलो, ओळीत १५ सेंटिमीटर. बियांकडे हेक्टरी २५ किलो म्हणजे अर्धा किलो, ओळींमधलं अंतर दुप्पट. हा फरक लोकांना विचित्र वाटतो, तेच पीक आणि एकीकडे इतकं दाट का. कारण दाट पेरलं की झाडाला फांद्या फोडायला जागाच मिळत नाही, एकच सरळ सोट खोड वर जातं, आणि फांदी नाही म्हणजे वाखात गाठ नाही, वरपासून खालपर्यंत एकसलग धागा मिळतो. बियांना मात्र फांद्या हव्यात, फांदी तितका तुरा.

खोली २ ते ३ सेंटिमीटर, वरून हलका रोलर. दादा म्हणाला, "अरे एवढं दाट, एकमेकांना खातील ही." खातीलच, थोडी मरणारच आहेत, ते हिशोबात धरलंय.

४ मे

उगवलं! ओळी स्पष्ट दिसतायत. दोन गोल बियादलं आणि मधून पहिली खरी पानं, त्यांना अजून एकच पातं, कडेला दाते. पुढच्या जोडीला तीन, मग पाच, मग सात असं वाढत जाणार.

१२ मे

बियादलांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं. हात फिरवला की उड्या मारून पळतात, पिसू भुंगेरे. ऊन पडलं की जास्त. नुकसान दिसायला भयंकर असतं पण रोपाने खऱ्या पानांची दुसरी जोडी काढली की ते यांच्या हाताबाहेर जातं, त्यामुळे फवारणी केली नाही, फक्त संध्याकाळी हलकं पाणी दिलं म्हणजे वाढ अडून राहायला नको. कडेच्या दोन ओळी जास्त खाल्ल्यात, आत ठीक आहे.

बियांच्या भागात खुरपणी केली. वाखाकडे हात लावला नाही.

२५ मे

महिनाभर हे पीक काही करतच नाहीये असं वाटतं. वर वीतभर पण नाही. खरं काम खाली चाललेलं असतं. आज दोन रोपं उपटून बघितली, एक चांगल्या जमिनीतलं एक जुन्या वाटेच्या पट्ट्यातलं. चांगल्या जमिनीतलं मूळ सरळ खाली गेलेलं, उपटताना टोक तुटून आतच राहिलं. पट्ट्यातलं मूळ बोटभर खाली गेलंय आणि तिथून काटकोनात आडवं वळलंय, टणक थरावर आपटून. वरून बघितलं तर दोन्ही रोपं सारखीच दिसत होती, पट्ट्यातलं जरा फिकट इतकंच. ज्याला कोणाला हे पीक घ्यायचंय त्याने आधी जमिनीत लोखंडी सळई खुपसून बघावी, कुठे अडते ते.

९ जून

सुटलंय आता. दुसरा नत्राचा हप्ता मागच्या आठवड्यात दिला, पाऊसही वेळेवर झाला. खुणेसाठी काठ्या रोवल्यात त्यावर रोज पेन्सिलने रेघ मारतोय, दिवसाला ४ सेंटिमीटर सहज. पानांनी वर छत धरलं, खाली वाकून बघितलं तर जमिनीवर ऊन पोचतच नाही, जी तणं होती ती पांढरी पडून मरतायत. तणनाशकाचा थेंब न टाकता हे होतं, या पिकाच्या प्रेमात पडायला मला एवढंच पुरेसं आहे. पुढच्या हंगामात याच जागेवर जे लावू त्यालाही स्वच्छ जमीन मिळते.

बियांकडे ओळी लांब लांब असल्याने हे सुख नाही, तिथे कोळपणी.

२१ जून

सगळ्यात मोठा दिवस. आजपासून रात्र वाढणार आणि झाडाला ते कळतं. हेंप हे लहान दिवसाचं झाड, म्हणजे अंधार सलग पुरेसा लांब मिळायला लागला की फुलं धरतं, ढोबळमानाने दिवस १४ तासांच्या खाली गेला की, पण जातीजातीत फरक आहे, फेलिना त्याआधीच सुरू होते. ही गोष्ट जगात आधी लक्षात आली ती पण हेंप आणि हॉप्सवरच, फ्रान्समधल्या ज्युलियन तुर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास थोडा वेळच उजेड मिळालेली झाडं लवकर फुलताना बघितली होती. गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांचं तंबाखू आणि सोयाबीनवरचं गाजलेलं काम त्यानंतरचं, १९२० चं.

मला यातून एकच गोष्ट कामाची वाटते. उशिरा पेरलं म्हणून फुलं उशिरा येत नाहीत, रात्र कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे उशिरा पेरणीत फक्त उंची कमी होते. उंची म्हणजे वाखाची लांबी. पेरणी वेळेवर व्हायला हवी ती यासाठी.

५ जुलै

रात्री वादळ. सकाळी जाऊन बघितलं, वाखाचा मोठा भाग वाकलाय पण मोडला नाही, दाट असल्याने एकमेकांना धरून आहेत. जुन्या वाटेच्या पट्ट्यातली मात्र सपाट झाली, उपटून बघितलं तर मुळं तीच आडवी, धरायला खाली काहीच नाही. पट्टा जिथे जातो तिथे पिकात अक्षरशः गल्ली पडलीय.

उभं करायला गेलो नाही, हात लावला तर उलट खोडं मोडतात. शेंडे आपोआप वर वळतात.

८ जुलै

वाकलेले शेंडे वळले. खोडाला तळाशी बाक राहील, तो वाख वेगळा ठेवू.

फेलिनामध्ये बदल दिसतोय. आतापर्यंत पानं समोरासमोर जोडीने येत होती, आता वरच्या पेरांवर एक इकडे एक तिकडे असं यायला लागली. फुलोऱ्याची ही पहिली खूण, कळी दिसायच्या आधीची. पानाच्या बेचक्यात भिंगाने बघितलं, बारीक टोकदार कळी आणि दोन पांढरे केस, मादी फूल. आजपासून तिथे नत्र बंद, पाणी मात्र चुकवायचं नाही, दाणा भरायला तेच लागतं.

२४ जुलै

मावा. पानांच्या खाली फिकट हिरवा. पण लेडीबर्ड भुंग्यांच्या अळ्यापण भरपूर आहेत, त्यांना काम करू दे. खोडकिड्याची भोकं चारदोन झाडांवर, भोकाच्या तोंडाशी भुस्सा साठलेला, तिथून खोड मोडतं. ती झाडं कापून बाहेर नेऊन नष्ट केली.

दाट भागात बारकी, मागे पडलेली झाडं सावलीत वाळून चाललीत. दादाने आठवण करून दिली, "बोललो होतो ना." बोलला होता, आणि जी उरलीत ती बोटाएवढ्या जाडीची, सरळ, अडीच मीटरच्या आसपास, मला हवी तशीच. खोड अंगठ्यापेक्षा जाड झालं की लाकूड वाढतं आणि वाखाचा वाटा कमी होतो.

३ ऑगस्ट

कोम्पोल्तीच्या नर झाडांनी डोकं वर काढलं, नर मादीपेक्षा सडपातळ आणि थोडे उंच. लोंबणाऱ्या हिरव्या कळ्यांचे घोस, आज पहिल्या उमललेल्या, पाच पाकळ्या मागे वळलेल्या आणि हलवलं की पिवळी धूळ. परागीभवन वाऱ्याने होतं आणि पराग काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. फेलिनावर पडले तरी आपलं बी तेलासाठीच आहे त्यामुळे फरक नाही, पण आसपास कोणी सीबीडीसाठी, म्हणजे या झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकासाठी, बिनबियांची मादी फुलं घेत असेल तर त्याचं पूर्ण पीक यात जाऊ शकतं. म्हणून लावणीच्या आधीच चौकशी करून ठेवली होती, जवळपास तसं कोणी नाही. हे विचारणं आपलं काम आहे, त्याचं नाही.

एक मजेदार गोष्ट. प्लॉटच्या एका कोपऱ्यावर दिव्याचा खांब आहे, रात्रभर चालू. त्या दिव्याच्या टप्प्यातली झाडं अजून फुलायलाच तयार नाहीत, पानं जोडीनेच, गर्द हिरवी, आणि पावलं मोजत आत गेलं की जिथे उजेड संपतो तिथून नर फुललेले. जमिनीवर काढावी इतकी स्वच्छ कड आहे. बाकीचं पीक कापलं जाईल तेव्हा हा कोपरा कोवळाच असणार, तो वेगळा कापावा लागेल.

११ ऑगस्ट

तपासणीसाठी नमुने घेऊन गेले, शेंड्याकडचा तुरा कापतात. ताज्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच, असतं ते टीएचसीए आम्ल, उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. म्हणून लॅब टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात टीएचसी मिळवते, तो एकूण आकडा बघायचा, नुसता टीएचसीचा रकाना बघून खूश व्हायचं नाही. तुरा जितका पिकतो तितका आकडा चढतो त्यामुळे नमुना आणि कापणी यात फार अंतर ठेवायचं नसतं.

१५ ऑगस्ट

रिपोर्ट आला, दोन्ही जाती मर्यादेच्या बऱ्याच खाली. कापायला मोकळे.

१६ ऑगस्ट

वाखाची कापणी. नर पराग सांडून संपत आलेत, पानं पिवळी पडायला लागली, हीच वेळ. आधी कापलं तर धागा बारीक आणि मऊ पण कमजोर, वजनही भरत नाही, आणि मादीचं बी भरेपर्यंत थांबलं तर धागा राठ होतो, सालीच्या तळाकडे लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा घटक, चढतं आणि दोरीशिवाय कशालाच उपयोगाचा राहत नाही. पूर्वी लोक नर आधी उपटून घ्यायचे, चांगल्या कापडाचा वाख त्यांचाच, आणि मादी नंतर बियांसाठी. दाट पेरणीत आता ते कोणाला परवडत नाही.

विळ्याने जमिनीलगत कापून तिथेच पसरलं, सगळे बुंधे एका बाजूला. थर पातळ. हात चिकट झालेत आणि वास जात नाही.

२४ ऑगस्ट

कुजवण सुरू आहे. म्हणजे खोडं रानातच दवात पडू द्यायची, बुरशी आणि जिवाणू सालीतलं पेक्टिन, म्हणजे धागे चिकटवून ठेवणारा घटक, खातात आणि वाख आतल्या लाकडापासून सुटा होतो. दुसरा मार्ग पाण्यात बुडवून ठेवायचा, त्यात धागा जास्त एकसारखा आणि फिकट येतो, इटलीत बोलोन्या फेरारा भागात त्यासाठी खास खोदलेली तळी होती. पण ते पाणी नासतं, त्यातला प्राणवायू संपतो, वास दूरवर जातो, आणि ओढ्यात सोडलं की मासे मरतात. मला दवच बरं.

आज सगळं उलटं केलं. वरची बाजू पिवळट करडी, जमिनीकडची अजून हिरवी होती.

१ सप्टेंबर

चार दिवस पाऊस नाही दव नाही, कुजवण थांबलीय. खोडं कोरडी खणखणीत. संध्याकाळी पाईपने हलकं शिंपडलं.

६ सप्टेंबर

दव परत पडायला लागलं. खोडांवर काळे बारीक ठिपके, ही बुरशी आपल्याला हवी असलेली. एक खोड मधून मोडलं, लाकूड तुटलं पण साल सलग राहिली, ओढली तर वीतभर सुटून आली आणि मग अडकली. अजून थोडं. दुसऱ्यांदा उलटं केलं.

११ सप्टेंबर

आता रोज बघावंच लागतंय. इथे तारखेवर विश्वास ठेवून चालत नाही, तीन आठवडे म्हणतात कोणी पाच म्हणतात, सगळं हवेवर. वेगवेगळ्या ठिकाणची दहाएक खोडं उचलायची, बुंधा, मध्य आणि शेंडा तिन्हीकडे मोडून बघायचं. आज मध्य आणि शेंडा तयार, साल पूर्ण लांबीची एका ओढीत निघतेय, आतला गाभा पांढरा स्वच्छ, त्याला एकही तंतू चिकटलेला नाही. बुंध्याकडे किंचित अडतंय. बुंधा तयार व्हायची वाट बघितली तर शेंडा सडेल, आणि सडला की दोन बोटांत धरून ताणल्यावर धागा चटकन तुटतो, मग त्याला परत काही करता येत नाही. कमी कुजलेलं अजून एकदा ओलं करून पुढे नेता येतं, जास्त कुजलेलं गेलं ते गेलं.

उद्या पावसाचा अंदाज आहे. आजच उचलणार.

रात्री: पेंढ्या बांधून, उभ्या तिवड्या करून शेडमध्ये लावल्या, मधून हवा खेळेल अशा. दिव्याच्या कोपऱ्यातलं पीक वेगळं, ते उशिरा कापलेलं आणि अजून रानातच आहे.

१७ सप्टेंबर

बियांकडे. पक्ष्यांसाठी जाळी लावलीच होती तरी कडेने आत शिरतात, हे बी त्यांना कसं कळतं देव जाणे. तुरा हातात चोळला, दाणे टणक, करड्या तपकिरी रंगावर गडद नक्षी, वरच्या टोकाला अजून हिरवे. खालचे गळायला लागलेत. सगळे पिकायची वाट बघितली तर निम्मे जमिनीवर, म्हणून साधारण ७० टक्के पिकले की कापायचं. दोन तुऱ्यांवर करडी बुरशी, बोट लावलं की धूर उडतो, ते कापून बाहेर. पाऊस झाल्यानंतर दाट तुऱ्यात ओल अडकते तिथेच ही येते.

सकाळी दव असतानाच तुरे कापले म्हणजे दाणे कमी झडतात, ताडपत्रीवर झोडून काढलं, आणि लगेच पातळ पसरलं. हे लगेच म्हणजे खरंच लगेच. ओलं बी ढिगात ठेवलं की काही तासांत आत हात घातल्यावर गरम लागतं, आणि मग तेलाला खवट वास येतो तो जात नाही.

२५ सप्टेंबर

बी वाळलं, ओलावा ८ ते ९ टक्क्यांवर आणला, उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली. पाखडून स्वच्छ केलं. २० किलोच्या आसपास भरलं. यात तेल तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ असतं आणि ओमेगा सहा व तीन साधारण तीनास एक. ते तेल तापवायचं नाही, गार घाण्यावर काढून गडद बाटलीत. पुढच्या वर्षी पेरायला मात्र हे बी ठेवणार नाही. लायसनला प्रमाणित बी लागतं ते एक, आणि फेलिनासारख्या दोन्ही फुलं एकाच झाडावर असणाऱ्या जातीत नर झाडं वेळेवर उपटली नाहीत तर काही पिढ्यांत ती परत नर मादी वेगळी व्हायला लागते, इथे तर शेजारीच कोम्पोल्तीचे नर होते.

१९ ऑक्टोबर

पेंढ्या कडकडीत वाळल्या, आज फोडायला घेतल्या. लाकडी चापाच्या दोन जबड्यांत खोड धरून दाबत जायचं, आतला गाभा तुकडे तुकडे होऊन खाली पडतो आणि हातात सालीची जुडी राहते. मग फळीच्या कडेवर झोडपायचं, उरलेली कुसळं झडतात. शेवटी खिळ्यांच्या फणीतून विंचरायचं, आधी जाड मग बारीक, टोकाकडून सुरुवात करत हळूहळू मधे यायचं, एकदम मधून ओढलं तर लांब धागे तुटून आखूड गुंता वाढतो.

मधल्या भागाचा वाख रुपेरी करडा, हातभरापेक्षा लांब, बोटातून फिरवला तर गार आणि गुळगुळीत लागतो. वादळात वाकलेल्या झाडांचा बुंधा राठ. दिव्याच्या कोपऱ्यातला वेगळ्या जुडीत ठेवलाय, तो सगळ्यात मऊ आहे पण ताणला की लवकर तुटतो, कापडाला मिसळून चालेल. जुन्या वाटेच्या पट्ट्यातून धड एक पेंढीसुद्धा निघाली नाही.

खोडाच्या वजनाचा चौथा हिस्सा वाख, बाकी गाभा. गाभ्याचे तुकडे पोत्यात भरलेत, थोडे जनावरांखाली अंथरायला, उरलेले चुन्यात कालवून शेडच्या उत्तरेच्या भिंतीचा एक गाळा भरून बघायचाय. त्यासाठी साचा दादा करतोय, आणि जुन्या वाटेच्या पट्ट्यात सळई खुपसून अडणारा थर किती खोल आहे ते या आठवड्यात मोजून घेतोय म्हणजे नांगरटीला फाळ किती लावायचा ते ठरेल.